आमच्या चर्चचा मागचा कोपरा

धर्मग्रामाच्या कचेरीत काम करते असं सांगितलं, की दिल्लीत निम्मे लोक मला सिस्टर समजायचे. "आप तो नन हैं ना?" असं भाजीवाल्यानं विचारलं, तेव्हा माझ्या खांद्यावर धाकट्याचं दप्तर होतं आणि थोरली हाताला लोंबकळत होती. उरलेल्या निम्म्या लोकांना वाटायचं, की रविवार सोडून चर्चमध्ये काम असं काय असणार.

वसईच्या वाचकांना धर्मग्राम म्हणजे काय ते सांगायला नको. पण हा नाताळ अंक इतरांच्याही हातात पडतो, म्हणून थोडक्यात सांगते. कॅथलिक माणूस जिथं राहतो तिथल्या धर्मग्रामाशी तो बांधलेला असतो. जन्मल्यावर बाप्तिस्मा, मग लग्न, शेवटी दफन, सगळं तिथून. मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक प्रार्थना, फादर चालवतात. लग्नाच्या दिवशी माईक चालतोय का, मेणबत्त्या आल्या का, मेलेल्या माणसाला न्यायला गाडी कुठून मिळेल आणि फादर जेवले का, हे बघायला कचेरीत एक बाई असते. दिल्लीच्या द्वारका उपनगरात ती बाई मी होते. लग्नाआधी मुंबईत एका कंपनीत टायपिस्ट होते, यांच्या सरकारी नोकरीमागून दिल्लीला आले आणि एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादर कुरियन यांनी विचारलं, की इथं कुणाला टायपिंग येतं का. मी हात वर केला. तो खाली घ्यायला पुढं बरीच वर्षं लागली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. सगळ्यात जास्त यायची शाळांचे प्रवेश सुरू झाले की. टाय लावलेले गृहस्थ, सोबत पर्फ्यूम लावलेली बायको. "मॅडम, बच्चे का कॉन्व्हेंट में एडमिशन कराना है. एक बाप्तिस्मा सर्टिफिकेट बना दीजिए." मी सांगायची, की त्यासाठी आधी बाप्तिस्मा घ्यावा लागतो. "वो बाद में देख लेंगे," असं एकजण अगदी सहज म्हणाला, जसं काही गॅस कनेक्शनचं बोलणं चाललंय. एका जोडप्याला आमच्या इथं फक्त फोटो काढायचे होते, पांढरा गाऊन भाड्यानं आणला होता. पण त्यांनी चर्च पाहिलं आणि निमूट परत गेले. कारण आमचं चर्च तेव्हा पत्र्याचं होतं.

मी वसईत ज्या चर्चमध्ये वाढले त्याच्या भिंतीच्या जाडीत दोन माणसं आडवी झोपतील. चर्च हे डोंगरासारखं असतं, ते आधीपासूनच तिथं असतं, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. द्वारकेत मी ते नसताना पाहिलं. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. सोसायट्यांचे टॉवर भराभर उठत होते, रस्ते मात्र नकाशावरच होते, आणि ज्यांना शहरात घर परवडत नव्हतं असे सगळे इथं येऊन पडत होते: केरळच्या नर्सेस, मंगळूरचे बँकवाले, गोव्याचे निवृत्त फौजी, आणि त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या झारखंडच्या मुली. पहिली मिस्सा एका नर्सच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये झाली. जेवणाचं टेबल हीच वेदी. वर्षभरानं शेजाऱ्यांनी कुरकुर सुरू केली, तेव्हा एका शाळेचा हॉल भाड्यानं मिळाला. मग सरकारनं अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीतला एक प्लॉट आमच्या वाट्याला आला आणि त्यावर आम्ही पत्र्याची शेड घातली. मे महिन्यात त्या शेडमध्ये प्रवचन ऐकणं हेच प्रायश्चित्त, वेगळं काही करायला नको, असं फादर म्हणायचे.

शेड होती, वीज होती, पण पाण्याची लाईन आलेली नव्हती. टँकर यायचा. पहिल्या वर्षी नेमका ईस्टरच्या आदल्या दिवशी तो आला नाही. ईस्टरच्या जागरणाला पाणी आशीर्वादित करतात, लहान मुलांचे बाप्तिस्मे होतात, आणि आमच्या पिंपात तळाला गाळ. फादर कुरियन दोन बादल्या घेऊन पायी निघाले. मी मागं. पलीकडच्या गावात, ज्याच्या शेतांवर हा सगळा भाग वसला, तिथं एका ट्यूबवेलजवळ खाटेवर एक उंच म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, पांढरी पगडी, हातात हुक्क्याची नळी.

फादर मूळचे केरळचे. त्यांच्या हिंदीत सगळी माणसं, देव आणि वस्तू पुल्लिंगी होत्या. ते म्हणाले, "पानी चाहिए. पूजा है. बड़ा पूजा."

म्हाताऱ्यानं बादल्यांकडे पाहिलं. "बड़ी पूजा सै तो दो बाल्टी में के होगा?" असं म्हणून त्यानं मुलाला हाक मारली आणि ट्रॅक्टरला टाकी जोडून पाठवली. आमच्या धर्मग्रामातल्या पहिल्या बाप्तिस्म्यांचं पाणी ते असं आलं. म्हाताऱ्याचं नाव चौधरी रामफल. पुढं पाण्याची लाईन येईपर्यंत दर आठवड्याला त्यांची टाकी यायची.

दोनेक वर्षांनी पक्क्या चर्चचा नकाशा तयार झाला. एका बाजूला चर्च, त्याच्या शेजारी फादरांचं घर, समोर गाड्यांना जागा, आणि मागच्या कोपऱ्यात, एका जुन्या कडुनिंबाच्या पलीकडे, संडास आणि सेप्टिक टँक. सगळ्यांना पसंत पडला. इंजिनियरनं मागच्या कोपऱ्यापासून चुन्याच्या रेघा मारायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले.

"मॅडमजी, उधर के बन रहा है, पेड़ के पास?"

मी सांगितलं. ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "फादर से मिलवा दो."

त्या कडुनिंबाच्या बुंध्याशी चार विटा रचलेल्या होत्या आणि त्यांवर काजळी होती, हे मी पूर्वी पाहिलं होतं. दिल्लीत झाडाखाली विटा आणि काजळी कुठं नसते. दर अमावास्येला चौधरी तिथं येऊन दिवा लावून जायचे. आमच्या चौकीदाराला हे माहीत होतं आणि तो त्यांना येऊ द्यायचा. सगळ्यांना पाणी देणाऱ्या माणसाला अडवायचं कुणी?

फादरांनी त्यांना खुर्ची दिली आणि आपल्या हिंदीत सरळ विचारलं, "चौधरीजी, वहाँ कौन मरा है?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण चौधरींना राग आला नाही. ते म्हणाले, "म्हारी माँ."

ही जमीन त्यांचं शेत होतं. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत आईनं तान्ह्या रामफलला त्याच कडुनिंबाला झोळी बांधून निजवलं आणि ती कापायला गेली. पेंढ्यांत साप होता. माणसं धावत आली तोवर ती झाडाशी येऊन पडली होती, मुलाच्या झोळीखाली. बापानं तिथं चार विटा ठेवल्या. "मन्नै तो याद भी कोनी, जी. सूरत भी कोनी याद," चौधरी म्हणाले. "दीया तो मैं कहीं और भी जला लूँगा. ज़मीन थारी है, काग़ज़ थारे हैं. बस वहाँ गंदगी का गड्ढा मत खोदना."

त्या रविवारी मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या समितीची बैठक बसली. समितीचे प्रमुख विंग कमांडर डिसिल्वा हे गोव्याकडचे निवृत्त हवाई दलवाले. ताठ, वक्तशीर, आणि त्या प्लॉटसाठी सरकारी कचेऱ्यांत सगळ्यात जास्त चपला झिजवलेले. तो कोपरा मोकळा सोडायला त्यांनी साफ विरोध केला.

"ब्रिजिट, फादर, मी दुष्ट माणूस नाही," ते माझ्याकडे आणि फादरांकडे बघत म्हणाले. आम्ही आपसात इंग्रजीत बोलायचो, मी मराठीत सांगते आहे. "पण आज दिवा आहे. उद्या तिथं चौथरा होईल, परवा त्यावर छप्पर येईल, आणि तेरवा आपण कोर्टात असू. म्हापशाला आमच्या घराच्या वाटेवरून असंच भांडण लागलं होतं. माझे वडील त्या भांडणातच संपले. मला हे इथं नको आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिल्लीत जमिनीच्या बाबतीत भोळं राहून चालत नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. बैठकीतली बरीच माणसं त्यांच्याकडे झुकली. कुणी म्हणालं, चौधरी चांगले आहेत, पण त्यांची मुलं प्रॉपर्टी डीलर आहेत. कुणी म्हणालं, त्या कोपऱ्यात लूर्दमातेची मूर्ती ठेवून गुहा बांधू, म्हणजे जागा पवित्रही राहील आणि आपलीही राहील. ही कल्पना बऱ्याच जणांना आवडली. मला आवडली नाही. मी बैठकांत चहा द्यायची आणि मुद्दे टिपायची, बोलायची नाही. पण त्या दिवशी बोलले, की आमच्याकडे वसईत बागायतींवर टॉवर उभे राहताहेत. माझ्या आजीची विहीर बुजवून कुणी त्यावर त्याच्या देवाची मूर्ती ठेवली, तर ती मूर्ती कितीही सुंदर असो, मला ती विहीर बुजलेलीच दिसेल.

फादरांनी इंजिनियरला विचारलं, "संडास आणि टँक दुसरीकडे कुठं जातील?"

इंजिनियरनं नकाशा फिरवून पाहिला. "उतार बघता एकच जागा आहे, फादर. तुमच्या घराच्या मागं. नेमकी तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली."

"मग प्रश्न काय आहे?" फादर म्हणाले. "लहानपणी मी गोठ्याला लागून झोपायचो. फादर व्हायला सेमिनरीत गेलो तर झोप येईना, हवा फार स्वच्छ होती."

लोक हसले आणि अर्धं भांडण तिथं मिटलं. उरलेलं अर्धं विंग कमांडरांनी सोडलं नाही. त्यांनी अट घातली, की कोपऱ्यात काही बांधायचं नाही, चार विटांच्या पाच होणार नाहीत, आणि चौधरींसाठी गल्लीकडून एक लहान फाटक ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्याची किल्ली कचेरीत राहील.

हे सांगायला फादर आणि मी चौधरींच्या घरी गेलो. मला वाटलं होतं मातीचं घर असेल. संगमरवरी पायऱ्यांचं तीन मजली घर निघालं, वरच्या दोन्ही मजल्यांवर भाडेकरू, खाली मोठ्या मुलाचं प्रॉपर्टीचं ऑफिस. चौधरी मात्र जिन्याखाली, जिथं पूर्वी गोठा होता, तिथं खाट टाकून बसलेले. त्यांच्या बायकोनं घुंघट ओढून आम्हाला ताकाचे मोठाले पेले आणून दिले. ताक बाजारच्या दह्याचं होतं, त्याबद्दल तिनं दोनदा माफी मागितली. म्हशी विकल्या होत्या. बांधायच्या कुठं?

फादरांनी टँक हलवल्याचं सांगितलं, मी फाटकाचं आणि किल्लीचं सांगितलं. किल्लीची अट सांगताना मला संकोच वाटत होता. चौधरी म्हणाले, "ठीक तो है. जिसका घर, उसकी चाबी." मग म्हणाले, "मुआवज़ा मिला, मकान बन गया, लड़के राज़ी हैं. मैं सुबह उठूँ तो समझ में नहीं आता जाऊँ किधर. महीने में एक बार थारे धोरे आ जाऊँगा." मुआवज़ा म्हणजे सरकारनं जमिनीचे दिलेले पैसे, आणि थारे धोरे म्हणजे तुमच्याकडे.

महिन्यातून एकदाच नाही, ते वरचेवर यायला लागले. अमावास्येला किल्लीसाठी, एरवी असेच. खिडकीजवळच्या बाकावर बसून माझं काम बघायचे. लग्नाच्या आधी चर्चमध्ये तीन रविवार नवरा-नवरीची नावं जाहीर करतात, कुणाला काही हरकत असेल तर सांगावी म्हणून, हे त्यांना फार आवडलं. "म्हारे यहाँ तो हरकत शादी के बाद निकलती है," ते म्हणाले. शाळाप्रवेशवाले आले की ते मिशीत हसायचे. आणि एकदा एक टायवाला जास्तच आवाज चढवून बोलायला लागला, तेव्हा चौधरी नुसते उभे राहिले. बाकी काही केलं नाही. तो माणूस निघून गेला.

पुढं चर्च झालं. लाल विटांचं, साधं, आणि विमानतळ जवळ म्हणून मनोरा आमच्या लोकांना हवा होता त्याच्या निम्मा. पण ते पुरं व्हायच्या आत फादर कुरियन यांची बदली झाली. फादरांची दर काही वर्षांनी बदली होते, तसा नियमच आहे. ज्यानं बादल्या घेऊन सुरुवात केली त्याला तिथं एकही मिस्सा करता आली नाही, ही रुखरुख मला अजून आहे. शेवटपर्यंत ते पत्र्याच्या शेडमध्येच राहिले. मला सांगायचं आहे ते त्या शेडमधल्या शेवटच्या नोव्हेंबरचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा मृतांचा दिवस असतो. वसईत आम्ही आधी आठवडाभर कबरी साफ करतो, चुना लावतो, झेंडू आणतो, संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. द्वारकेत आमची दफनभूमी नव्हती, आणि असती तरी तिच्यात कोण असणार होतं? माणसं इथं नवी, त्यांचे मेलेले गावाकडे. म्हणून लोक कचेरीत येऊन नावं सांगायचे आणि त्या दिवशीच्या मिस्सेत फादर ती मोठ्यानं वाचायचे. कबर नाही तर निदान नाव.

त्या वर्षी दिवाळीची अमावास्या आणि आमचा तो दिवस एकत्र आले. चौधरी किल्लीसाठी आले तर खिडकीशी गर्दी. ते बाकावर बसले. सलोमी नावाची झारखंडची मुलगी आजीचं नाव सांगत होती, मागं एक नर्स रडत उभी होती, तिचे वडील त्याच वर्षी गेले होते आणि तिला सुट्टी मिळाली नव्हती. गर्दी ओसरल्यावर चौधरींनी विचारलं, "ये सब लोग यहीं मरे हैं?"

"नहीं जी. कोई केरल में, कोई राँची की तरफ़. मेरी माँ बंबई के पास. यहाँ बस नाम बोला जाएगा."

ते मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाहर के आदमी का भी बोल दो हो?"

मी म्हटलं फादरांना विचारते. फादर मागं भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होते. त्यांनी मान वरही केली नाही. "मुझे क्यों पूछता है? उनसे नाम पूछो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्यासाठी नकाशा बदलला, टँक हलवला, फाटक बसवलं, इतक्या बैठका झाल्या, आणि तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे तिला चौधरींची आई म्हणत होतो. मी परत येऊन विचारलं.

"भरपाई," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जी?"

"भरपाई. नाना के तीन लड़कियाँ हो ली थीं. चौथी हुई तो बोले, बस, भर पाए. तो यो नाम धर दिया." ते सांगताना हसले. आपल्याकडे मुलीचं नाव नकुशी ठेवतात, तसंच ते. नको असलेली मुलगी, जिच्या मुलाला तिचा चेहरा आठवत नव्हता, जिचं शेत आता सेक्टर झालं होतं. मराठीत भरपाई कशाला म्हणतात, ते मी त्यांना सांगितलं नाही. नाव घेतलं आणि किल्ली दिली.

संध्याकाळी शेड भरली. चौधरी दिवा लावून आले, बाहेर जोडे काढले आणि सगळ्यात मागच्या बाकावर, विंग कमांडर डिसिल्वांच्या शेजारी जी जागा रिकामी होती तिथं बसले. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, एवढंच. प्रवचनानंतर फादर कुरियन नावं वाचू लागले. सगळे बसून, खाली मान घालून ऐकत होते. थॉमस. एलिझाबेथ. बिरसी टोप्पो. माझ्या आईचं नाव, मार्था. मध्येच विमान गेलं, तेव्हा फादर थांबले, आवाज पूर्ण विरू दिला, आणि मग आपल्या केरळी उच्चारात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "भ-र-पा-ई."

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. चौधरी उभे राहिले होते. आईचं नाव घेतलं जात असताना बसून राहायचं नसतं, असं त्यांना वाटलं असावं. फादर पुढची नावं वाचत होते, आणि चौधरी त्या सगळ्या बसलेल्या लोकांत एकटेच, हात जोडून, काय करावं ते न कळून उभे होते. काही डोकी वळली. मी उठून त्यांना बसवायला जाणार होते.

त्याआधी विंग कमांडर उठले. कोटाचं बटण लावलं आणि त्यांच्या शेजारी ताठ उभे राहिले. उरलेली सगळी नावं त्या दोघांनी उभ्यानंच ऐकली.